मधेच तार निघाली तर?

संध्याकाळची कामं उरकून रेडिओजवळ बसला असाल, नाहीतर एकीकडे भाकरी थापत ऐकत असाल. थापत राहा, फक्त कान इकडे असू द्या.

आज एका छोट्या चुकीबद्दल बोलायचं आहे. ती तुम्ही केली असेल, मी केली आहे, आणि आमच्या गटातल्या एका मुलीनं केली तेव्हा आम्ही सगळ्या तिच्यावर तुटून पडलो. चूक म्हणजे कॉम्प्युटरला लावलेला पेन ड्राइव्ह पटकन ओढून काढणं.

झालं असं की मार्चअखेरीला बँकेत गटाचा हिशेब द्यायचा होता. आमचा हिशेब लिहिणारी मुलगी तीन संध्याकाळी बसून अकरा जणींची बचत, कर्ज, हप्ते सगळं लॅपटॉपवर भरत होती. चौथ्या दिवशी सकाळी एसटीची वेळ झाली. तिनं फाइल पेन ड्राइव्हवर टाकली, पडद्यावर काम झाल्यासारखं दिसलं, तिनं पेन ड्राइव्ह ओढला आणि पळाली. तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात छापायला गेली तर फाइल उघडेचना. लॅपटॉप गावात, ती तालुक्यात. बँकेचा दिवस गेला. दोन जणींच्या शेळ्यांचं कर्ज आठवडाभर पुढे गेलं.

आठवडाभरानं कर्ज मिळालं. पण त्या बैठकीत आम्ही जे बोललो ते तिच्या मनातून गेलं नाही. "तुला कुणी सांगितलं होतं ओढायला?" असं मीसुद्धा म्हणाले. त्या दिवसापासून तिनं लॅपटॉपला हात लावणं सोडलं. "मावशी, माझ्या हातानं काही बिघडायला नको," एवढंच म्हणायची.

मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली. ती पुण्यात एका कंपनीत ड्रायव्हर लिहिते. हे ऐकून आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे जीप चालवतेस का गं?" ती हसली नाही. म्हणाली, "काकू, गाडीचा नाही, कॉम्प्युटरचा ड्रायव्हर." मग अंगणात बसून तिनं जे सांगितलं, ते मी आज माझ्या भाषेत तुम्हाला सांगते.

कॉम्प्युटरला आपण किती तऱ्हेची यंत्रं जोडतो बघा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, माउस, बँक सखीकडचं बोटाचा ठसा घेणारं मशीन. प्रत्येक यंत्राची बोलायची तऱ्हा निराळी. कॉम्प्युटरला सगळ्यांच्या तऱ्हा पाठ कशा असणार? म्हणून प्रत्येक तऱ्हेच्या यंत्रासाठी एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो कॉम्प्युटरचं म्हणणं यंत्राला आणि यंत्राचं म्हणणं कॉम्प्युटरला समजावून सांगतो. हा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर.

बहुतेक ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या अगदी आतल्या भागात काम करतात. घराचं उदाहरण घ्या. आपण हिशेब लिहितो, गाणी ऐकतो ते प्रोग्रॅम ओसरीवर बसणारे पाहुणे. त्यांनी गोंधळ घातला तर त्यांना उठवता येतं, घर चालू राहतं. ड्रायव्हरचा वावर मात्र माजघरात असतो, जिथे धान्याच्या कणग्या आहेत आणि चूलही आहे. तिथे कुणाचा हात चुकला तर सगळं घर पेटतं. म्हणून ड्रायव्हर चुकला की एखादा प्रोग्रॅम नाही, पूर्ण कॉम्प्युटर बंद पडू शकतो. विंडोजवर अचानक निळा पडदा येतो ना, त्यामागे पुष्कळदा एखादा चुकलेला ड्रायव्हर असतो.

ह्याचा एक प्रसंग जगभर गाजला. एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेत शिकागो शहरातल्या प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स स्वतः मंचावर होते. विंडोज ९८ किती सोपं आहे हे दाखवायला त्यांच्या सहकाऱ्यानं चालू कॉम्प्युटरला एक स्कॅनर जोडला. भर सभेत निळा पडदा आला. हे यंत्र जोडतानाचं झालं. मग काढतानाची तऱ्हा काय असेल, विचार करा.

पूर्वी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता. बरीचशी यंत्रं कॉम्प्युटर बंद करून जोडायची आणि बंद करूनच काढायची अशी रीत होती. मग १९९६ मध्ये यूएसबी नावाची जोडणी आली. पेन ड्राइव्हचं जे चपटं तोंड आपण खोचतो, ती हीच. तिचा मोठा गुण म्हणजे चालू कॉम्प्युटरला कधीही लावा, कधीही काढा. आपली सोय झाली आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची झोप उडाली.

भाचीनं आमचा जुना पेन ड्राइव्ह हातात घेऊन आत बघायला सांगितलं. तुम्हीही बघा. साध्या यूएसबीच्या तोंडात पितळी रंगाच्या चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन लांब, मधल्या दोन आखूड. लांब पट्ट्यांतून वीज जाते, आखूड पट्ट्यांतून माहिती. खोचताना आधी वीज जोडली जावी आणि काढताना माहितीच्या पट्ट्या आधी सुटून वीज शेवटी तुटावी, म्हणून ही रचना. म्हणजे माणूस यंत्र मधेच ओढणार, हे बनवणाऱ्यांनी पहिल्यापासून धरलेलं आहे. हे ऐकून आमच्या त्या मुलीनं पहिल्यांदा मान वर केली.

आता यंत्र निघाल्यावर आत काय होतं ते बघू. जोडलेलं यंत्र माहितीच्या एका तारेवर विजेचा थोडा दाब धरून ठेवतं, जणू "मी आहे" म्हणून हात वर करून बसलेलं असतं. यंत्र ओढलं की तो दाब जातो. कॉम्प्युटरला कळतं आणि तो ड्रायव्हरला निरोप देतो की तुझं यंत्र गेलं, आवरून घे. मोबाइल फोनमधल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स नावाची प्रणाली असते. तिच्यात ड्रायव्हरच्या ह्या कामाला 'डिस्कनेक्ट' म्हणतात. विंडोजमध्ये न सांगता यंत्र काढण्याला नावच आहे 'सरप्राइज रिमूव्हल', म्हणजे अचानक काढणं. आपण ज्याला चूक म्हणतो त्याला तिथे नाव आहे आणि त्याची वागण्याची रीतही ठरलेली आहे.

ती रीत ऐकण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट, "आत्ताच बघितलं, यंत्र होतं" ह्यावर ड्रायव्हरनं विसंबायचं नाही. मी भाचीला विचारलं, "अगं, काम करण्याआधी यंत्र आहे का बघायचं, नसेल तर करायचं नाही. त्यात एवढं काय?" ती म्हणाली, "मावशी, चुलीवर दूध ठेवलं. तू बघितलंस, वर आलं नव्हतं. तू मीठ घ्यायला वळलीस आणि तेवढ्यात उतू गेलं. बघितलं नव्हतंस का?" कॉम्प्युटर एका सेकंदात कोट्यवधी कामं करतो. बघणं आणि करणं ह्यांमधल्या फटीतसुद्धा यंत्र निघू शकतं. म्हणून आधी बघून भागत नाही. प्रत्येक काम केल्यावर ते खरंच झालं का, हे दर वेळी तपासायचं. पलीकडून "यंत्र नाही" असं उत्तर आलं तर ते मानायचं आणि तिथेच थांबायचं.

दुसरी गोष्ट, कुणाचीही अमर्याद वाट बघायची नाही. ह्यात एक गंमत आहे. कॉम्प्युटरची भाषा शून्य आणि एक ह्या दोनच अक्षरांची. कॉम्प्युटरच्या आत पीसीआय नावाची एक वाट असते, तिच्यावर वेगवान यंत्रं बसवलेली असतात. त्यातलं यंत्र निघून गेलं आणि ड्रायव्हरनं त्याला काही विचारलं, तर उत्तर येत नाही असं नाही. सगळे एक-एक-एक असंच उत्तर येतं. समजा एक म्हणजे 'हो'. मग रिकाम्या घराला विचारल्यासारखं होतं. तयार आहेस का? हो. बिघडलास का? हो. अजून काम चालू आहे का? हो. आता ड्रायव्हर भोळेपणानं ठरवून बसला की काम चालू आहे तोवर थांबू, तर तो जन्मभर थांबेल. त्याच्यामागे रांगेतले सगळे थांबतील आणि आपण म्हणू, कॉम्प्युटर हँग झाला. डेअरीची गाडी आली नाही तर आपण दूध घेऊन दुपारपर्यंत उभ्या राहतो का? एका वेळेपर्यंत थांबतो, मग घरी येऊन विरजण लावतो. ड्रायव्हरनंही वेळेची मर्यादा ठरवायची. आणि सगळीच उत्तरं 'हो' यायला लागली तर ओळखायचं की घरात कुणी नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, पण आपल्या गटातल्या बायकांना ती पटकन कळेल. आपल्यातल्या बऱ्याच गटांकडे लग्नकार्याला भाड्यानं द्यायची भांडी असतात. मोठी पातेली, ताटं, सतरंज्या. कुणी काय नेलं ते वहीत एका पानावर लिहितो. समजा एका लग्नाची भांडी तीन जणींनी वाटून नेली. लग्न मोडलं. आता ते पान फाडून टाकायचं का? नाही. तिघींकडून भांडी परत येईपर्यंत पान ठेवायचं. तिसरी शेवटचं ताट ठेवून गेली की मगच पान बाद.

आता कुणी घाईनं ते पान मोकळं समजून त्यावर दुधाचा हिशेब सुरू केला तर? पहिली बाई येईल, जुन्या आठवणीनं त्याच पानावर 'चार पातेली जमा' लिहून जाईल. दुधाचा हिशेब बिघडला आणि कुणाला कळणारही नाही का बिघडला.

कॉम्प्युटरमध्ये अगदी हेच होतं. यंत्र जोडलं की ड्रायव्हर त्याच्यासाठी स्मृतीत एक पान उघडतो. यंत्र निघालं तरी त्या पानावर अजून कुणाचं तरी काम असू शकतं. एखादी फाइल उघडी असते, एखादं उत्तर वाटेत असतं. ड्रायव्हरनं घाईनं पान मोकळं केलं तर कॉम्प्युटर ते दुसऱ्याला देऊन टाकतो, आणि मग उशिरा आलेलं उत्तर भलत्याच्या हिशेबावर लिहिलं जातं. त्यातून निळा पडदा येतो, नाहीतर काहीच न दिसता माहिती बिघडते. चोरटे लोक अशा चुका मुद्दाम शोधतात, कारण सोडून दिलेल्या पानावरून त्यांना माजघरात शिरता येतं. म्हणून चांगला ड्रायव्हर मोजत असतो, ह्या पानावर किती जणांचं काम शिल्लक आहे. यंत्र गेलं की नवीन कुणाला घ्यायचं नाही, जुन्यांना "यंत्र गेलं" सांगून परत पाठवायचं, शेवटचा गेला की पान पुसायचं. लिनक्समध्येही हीच पद्धत आणि विंडोजमध्येही. विंडोज तर सगळ्या उघड्या फाइली बंद झाल्यावरच ड्रायव्हरला शेवटचं "आता आवर" सांगतं.

चौथी गोष्ट, खरं सांगायचं. काम अर्धवट राहिलं असेल तर ड्रायव्हरनं वर तसंच कळवायचं. समजा बँक सखीकडे आजी बोट टेकवून उभी आहे आणि मशीनची तार निसटली. तिथे पडद्यावर "मशीन निघालं आहे, परत लावा" असं यायला हवं. ठसा मिळाला नसताना मिळाला म्हणणं म्हणजे आजीच्या पेन्शनशी खेळ.

एवढं सगळं ऐकून मी म्हटलं, "मग ड्रायव्हर इतका शहाणा असेल तर आमची फाइल का गेली?"

भाची म्हणाली, "मावशी, ड्रायव्हरनं तुमचा लॅपटॉप वाचवला. तो बंद पडला नाही, आतली माहिती बिघडली नाही. पण जी माहिती पेन ड्राइव्हपर्यंत पोचलीच नव्हती, ती तो कुठून आणणार?"

हे नीट समजून घ्या. गिरणीत दळणाचा डबा आपण रांगेत ठेवतो आणि घरी येतो. कुणी विचारलं तर म्हणतो, "दळण टाकून आले." पण दळलं कुठे आहे? डबा रांगेतच आहे. कॉम्प्युटरही असंच करतो. पेन ड्राइव्हवर लिहिणं त्याच्या मानानं फार हळू होतं. म्हणून आपली फाइल तो आधी स्वतःच्या स्मृतीत रांगेत ठेवतो आणि आपल्याला सांगतो, "झालं." खरं लिहिणं मागून चालतं. लिनक्सवर साधारणपणे अर्ध्या मिनिटापर्यंत माहिती अशी रांगेत थांबू शकते. त्या वेळात पेन ड्राइव्ह ओढला तर डबा रांगेतच राहिला म्हणायचं.

दुसरंही एक होतं. वहीला जशी सुरुवातीला अनुक्रमणिका असते, तशी पेन ड्राइव्हवरही असते. कुठली फाइल कुठल्या पानावर, ते तिच्यात लिहिलेलं असतं. पानं लिहून झाली पण अनुक्रमणिका अर्धी राहिली, तर फाइलचं नाव दिसतं आणि फाइल उघडत नाही. आमचं तेच झालं असणार.

म्हणून 'इजेक्ट' किंवा 'सेफली रिमूव्ह' नावाचं बटण असतं. ते दाबणं म्हणजे गिरणीवाल्याला सांगणं, "दादा, माझं दळण आत्ता काढून द्या, मी उभी आहे." कॉम्प्युटर रांगेतलं सगळं लिहून टाकतो, अनुक्रमणिका पुरी करतो आणि मग सांगतो की आता काढा.

विंडोज १० मध्ये २०१८ सालच्या १८०९ क्रमांकाच्या आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसाठी रांग लावायचीच नाही, अशी सोय मुळातच ठेवली आहे. तिथे लिहिणं संपलेलं असेल तर बटण न दाबता काढलं तरी सहसा चालतं. पण आपल्या गटाचा लॅपटॉप कुठल्या सालचा, त्यात कुणी काय बदललं, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? बटण दाबायला दोन सेकंद लागतात. तेवढे द्यावेत.

तर सख्यांनो, हे चार नियम आपल्या बैठकीच्या वहीत लिहून ठेवा.

फाइल टाकून झाली की आधी ती बंद करा, मग इजेक्ट दाबा, "काढा" असा निरोप आला की मगच पेन ड्राइव्ह काढा. "यंत्र वापरात आहे" असं आलं तर कुठली फाइल उघडी आहे ते बघा. सापडलीच नाही तर कॉम्प्युटर रीतसर बंद करून मग काढा.

महत्त्वाचं कागदपत्र असेल तर काढलेला पेन ड्राइव्ह परत लावून फाइल एकदा उघडून बघा, आणि मगच एसटीत बसा.

पेन ड्राइव्ह हे माहिती न्यायचं साधन आहे, ठेवायचं नाही. मूळ फाइल लॅपटॉपवर राहू द्या, आणि हातानं लिहिलेली वही तर सोडूच नका. आमचा हिशेब पुन्हा उभा राहिला तो मूळ फाइल आणि वही दोन्ही जागेवर होत्या म्हणून.

ठशाच्या मशीनची तार व्यवहार चालू असताना निघाली, तर लगेच तोच व्यवहार पुन्हा करू नका. आधी खात्यातली शिल्लक बघा. पैसे गेलेत की नाही ते कळल्यावर पुढचं पाऊल टाका.

आणि पाचवी गोष्ट नियम म्हणून नाही, मनापासून सांगते. चुकून तार निघाली, पेन ड्राइव्ह ओढला गेला, तर घाबरू नका आणि दुसरीला घाबरवू नका. ज्यांनी ही यंत्रं बनवली त्यांनी पट्ट्यांची लांबी ठरवताना, ड्रायव्हर लिहिताना माणसाची घाई धरूनच चाललं आहे. माणसाच्या हातून असं होणारच म्हणून यंत्राला सावरायला शिकवतात. आम्ही मात्र एका मुलीला सावरून घ्यायच्या ऐवजी तिच्याकडे बोट दाखवलं.

त्या संध्याकाळी भाचीचं सांगून झाल्यावर मी आत जाऊन गटाचा लॅपटॉप आणला आणि त्या मुलीपुढे ठेवला. म्हटलं, "बाई, मी तुला बोलले ते चुकलं माझं. इजेक्ट कसं करायचं ते आम्हा सगळ्यांना दाखव." तिनं थोडा वेळ हात मांडीवरच ठेवले. मग पेन ड्राइव्ह लावला, फाइल टाकली, बटण दाबलं, निरोप आला, काढला. परत लावून उघडून दाखवला. शेजारच्या काकूंनीही करून बघितलं, आणि "हे तर कुकरची शिट्टी होऊ देण्यासारखंच आहे, वाफ जिरल्याशिवाय झाकण काढायचं नाही," असं म्हणाल्या. एवढं बोलून मी जे अर्ध्या तासात सांगितलं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही हे करून बघा. जिनं लॅपटॉपला कधी हात लावला नाही, तिच्या हातून पहिल्यांदा करून घ्या. आणि कसं जमलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.